बारा वाजून पाच मिनिटं

अंबड लिंक रोडला बोरस्तेनं गाडी रॅम्पवर घेतली,
पुढचं डावं चाक उतरवून माझ्यापुढे आडवं टाकलं.
बाहेरून नक्षी शाबूत,
अजून एक पावसाळा सहज काढेल अशी.
मग त्यानं ते उलटं केलं.
आतल्या कडेचं रबर संपून तारा उघड्या पडलेल्या,
बारीक, चकचकीत,
जुन्या शालूची जर सुटावी तशा.

"हात फिरवा, मॅडम."
आतून बाहेर नेला, मऊ.
बाहेरून आत आणला, करवत.
"टो आउट. लोअर आर्म वाकलाय,
टाय रॉडचा एंड नुसता लोंबतोय.
रोज फुटपाथ चढवता का?"

मी कशाला चढवू.
माझ्या शेजारी बसून चढवतात.
निर्मला आहेर, बँकेत एकतीस वर्षं
एका पैशाची चूक नाही,
पण गाडीची डावी बाजू कुठे संपते
ते त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही.
फरहीन, इंदिरानगरच्या बोगद्याआधी
हॉर्नला घाबरून कडेच्या दगडावर.
पाथर्डी फाट्याला पाइपलाइनसाठी खणलेला चर,
तो तर पाचजणींनी वाटून घेतला.
त्या चाकात सगळ्यांची हजेरी होती,
माझ्या वहीपेक्षा नीट लिहिलेली.

गाडी डावीकडे ओढते, हे मला ठाऊक होतं.
स्टिअरिंगवरचं कंपनीचं चिन्ह
बारावर उभं असायला हवं.
माझं बारा पाचवर.
तिथे धरलं की गाडी नाकासमोर जायची,
आणि गाडी नाकासमोर जातेय म्हटल्यावर
गॅरेजला कोण जातं?
फी वेळेवर येत नाही, इन्शुरन्स मात्र येतो.

तेच मी शिकवलं.
"थोडं उजवीकडे धरून ठेवा. बोटभर."
दीड वर्षात कुणी विचारलं नाही का म्हणून.
एकीनं विचारलं, सायली खैरनारनं,
सिग्नलला, आरशात न बघता:
"सगळ्याच गाड्यांना असं असतं का हो?"
"सवय होते," मी म्हटलं.

बोरस्तेच्या पडद्यावर लाल आकडे
एकेक करत हिरवे झाले.
चार हजार सहाशे. टायरचे वेगळे.
गरवारे पॉइंटवरून हायवेला लागले
आणि गाडी उजवीकडे निघाली.
टोमॅटोच्या क्रेटनं भरलेली पिकअप
जीव खाऊन हॉर्न मारत घासून गेली.
चिडून बोरस्तेला फोन लावणार, तेवढ्यात
स्टिअरिंगकडे लक्ष गेलं.
चिन्ह बारा पाचवर.
गाडी नव्हती जात.
माझे हात जात होते.

कडेला थांबले, इंडिकेटर टिकटिकत ठेवून.
किती जणी असतील?
साठ? सत्तर?
त्या सगळ्या आता आपापल्या धडधाकट गाड्यांतून
दिंडोरीला, देवळाली कॅम्पला, मुलांच्या क्लासला,
माझ्या गाडीचं दुखणं मनगटात घेऊन.

सायलीला फोन लावला.
तिनं मार्चमध्ये नवीन घेतलीये, निळी.
"बरं झालं मॅडम तुम्हीच केलात,
आमची ना, उजवीकडे जाते थोडी.
दोनदा शोरूमला नेली.
ते म्हणतात, गाडीत काहीच नाही.
हे म्हणतात, तुझ्या डोक्यात आहे."

"डोक्यात नाही," मी म्हटलं.
पुढचं वाक्य काही केल्या सुटेना.
ट्रकच्या वाऱ्यानं गाडी एकदा हलली, थांबली.
"रविवारी ये. सकाळी लवकर, त्र्यंबक रोडला.
फी नाही.
तू चालव.
फक्त हात सैल सोडायचे,
आणि बघायचं
ती आपणहून कुठे जाते."